सायकलवरून आलेलं गिऱ्हाईक दुकानाला दिसत नाही का?

पायडलवाली

नमस्कार मंडळी. हा धागा थोडा रागातच काढतेय, सांभाळून घ्या.

गेल्या शनिवारची गोष्ट. कोथरूडात आमच्या घरापासून दीड किलोमीटरवर एक मोठं सुपरमार्केट आहे. तळघरात दोन मजली पार्किंग, वर सरकता जिना, सगळा थाट. वर्षभरापूर्वी मी स्कूटर नवऱ्याला देऊन टाकली, तेव्हापासून जवळची सगळी कामं सायकलवर करते. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना पिशव्या अडकवल्या की आठवड्याचा किराणा आरामात मावतो.

तर गेटवर सिक्युरिटीवाले काका म्हणाले, "मॅडम, सायकल आत नाही घेत."
"का हो?"
"पावती फाटत नाही."
"म्हणजे?"
"पावतीवर गाडीचा नंबर लिहावा लागतो. सायकलला नंबर कुठाय?"

हे त्यांनी इतक्या सरळपणे सांगितलं की मला भांडताच येईना. नंबर नाही म्हणून पावती नाही आणि पावती नाही म्हणून प्रवेश नाही. मग कुठे लावू, तर "बाहेर". बाहेर म्हणजे फुटपाथ. तिथे आधीच विजेची डीपी, उसाच्या रसाचं गुऱ्हाळ आणि उभ्या-आडव्या लावलेल्या पंधरा-वीस दुचाक्या होत्या. शेवटी एका झाडाच्या लोखंडी पिंजऱ्याला साखळी लावून आत गेले. बाराशेचं बिल करून बाहेर येते तर कोणीतरी ॲक्टिव्हा काढताना सायकल पाडलेली, तिच्यावर दुसरी गाडी टेकवलेली आणि हँडल कावळ्याच्या मानेसारखं तिरकं झालेलं. रस्त्यात बसून हँडल सरळ केलं. तांदळाची पिशवी फाटली ते वेगळंच.

घरी जाताना इमारतीला वळसा घातला, तर मागे जनरेटरच्या खोलीशेजारी सात-आठ सायकली ओळीत उभ्या. सगळ्या जुन्या, काळ्या, चेनकव्हरवाल्या. हेल्परची मुलं, सफाईवाल्या बायका आणि ते सिक्युरिटी काका स्वतःसुद्धा सायकलवरच येतात म्हणे! म्हणजे त्या इमारतीला सायकल माहीत आहे. सायकलवरून गिऱ्हाईक येतं एवढंच माहीत नाही.

तुमच्याकडे काय स्थिती आहे? कुठे लावता? आणि एखाद्या दुकानाकडून कोणी स्टँड करवून घेतला आहे का? घेतला असेल तर कसा?

---

शंकेखोर

अनुभव वाईट आहे, मान्य. पण दुकानदाराच्या बाजूने बघा. शंभर गिऱ्हाइकांत सायकलवरून येणारे किती? दोन? त्यांच्यासाठी त्याने जागा का अडवावी? उद्या मी घोड्यावरून आलो तर खुंटा मागायचा का? (हलकंच घ्या.)

---

नट_बोल्ट

@शंकेखोर, अडते किती जागा ते आधी बघू. एका चारचाकीला साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरतात, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. त्याच चौकोनात दहा सायकली सुटसुटीत उभ्या राहतात. दहा गिऱ्हाइकं विरुद्ध एक, आणि त्या एकाच्या गाडीतही बहुतेक वेळा एकच माणूस असतो. घोड्याचा हिशेब मात्र तुम्हीच करा.

शंभरात दोनच येतात हे खरंही असेल. पण जिथे सायकल लावायलाच देत नाहीत तिथे सायकलवाले मोजून काय मिळणार?

---

जुना_बिल्ला

वय वर्षे ७४. पुण्यात सायकल लावायला जागा मिळत नाही, असं वाक्य आयुष्यात कधी वाचावं लागेल असं वाटलं नव्हतं.

आमच्या काळी प्रत्येक थिएटरला सायकल स्टँड असायचा, मंडईजवळ असायचा, कचेऱ्यांना असायचा. स्टँडवाला पत्र्याचा गोल बिल्ला द्यायचा. एक हँडलला, त्याच नंबरचा दुसरा तुमच्या खिशात. सिनेमा सुटला की पाचशे माणसं एकदम बाहेर यायची आणि तो गृहस्थ बिल्ला न बघता, नुसतं तोंड बघून सायकल काढून द्यायचा. बिल्ला हरवला तर मात्र सगळी गर्दी पांगेपर्यंत उभं राहायचं, शेवटी जी उरेल ती तुमची.

शिवाय महापालिकेचा बिल्ला वेगळा. सायकलला कर होता, दरवर्षी भरायचा. रात्री दिवा नसेल किंवा डबलसीट दिसला तर पोलीस धरायचे आणि चाकातली हवा सोडून द्यायचे. म्हणजे पायडलवाली, तुमच्या काकांना सांगा, सायकलला नंबर होता. तो आपणच काढून टाकला.

---

गोदाकाठ

वा काका! पोरं सिनेमाच्या मध्यंतरात उगाच जाऊन सायकल आहे ना ते बघून यायची, तेही लिहा की.

---

कातरवेळ

जुना_बिल्ला, तुमचा प्रतिसाद आवडला, पण एक खडा टाकते. तेव्हा स्टँड होते कारण सायकलवर सगळेच होते. प्राध्यापक, कारकून, वकील, गिरणीकामगार, सगळे. आता दुकानवाल्याच्या डोळ्यांपुढे सायकलवाला म्हणजे एकतर शाळकरी पोर, नाहीतर ज्याला दुसरं काही परवडत नाही तो. अडचण जागेची कमी आणि नजरेची जास्त आहे असं मला वाटतं. का, ते सांगते.

माझ्याकडे अल्युमिनियम फ्रेमची गिअरची सायकल आहे. हेल्मेट, काळी पँट, पाण्याची बाटली. आमच्या इथल्या एका कपड्यांच्या मोठ्या दुकानात मी गेले तेव्हा दारावरचा मुलगा धावत आला. "मॅम, बाहेर नका ठेवू, महागाची आहे, आत काचेजवळ लावा." लावली. त्याने वर किंमतही विचारली. महिन्याभराने आमच्या स्वयंपाकाच्या मावशींना मुलीसाठी गणवेश घ्यायचा होता, त्या त्याच दुकानात त्यांच्या सायकलवरून गेल्या. त्यांना दारातूनच, "ओ बाई, इथे नको, तिकडे कोपऱ्यावर." त्या सायकल न लावताच परतल्या आणि गणवेश दुसरीकडून आणला.

दार एकच, मुलगाही बहुतेक तोच. मला हे मावशींकडून कळलं तेव्हा आत काचेजवळ सायकल लावल्याची लाज वाटली. ज्यांना स्टँडची सगळ्यात जास्त गरज आहे ते कधीच धागा काढणार नाहीत.

---

पायडलवाली

कातरवेळ, हे वाचून गप्प झाले. जनरेटरमागच्या त्या सायकलींकडे मी "यांना बरी जागा मिळते" या नजरेने बघितलं होतं. त्या तिथे लपवलेल्या आहेत हे डोक्यातच आलं नाही.

---

सांगलीचा_दुकानदार

दुकानदारांची बाजू मांडायला कोणी नाही म्हणून लिहितो. माझं सांगलीत किराणा-भुसार आहे, वडिलांपासून. दुकानापुढे जेमतेम दहा फूट. वरच्या मजल्यावर क्लास. सकाळी सातला पोरं सायकली लावून वर जातात ती दहाला उतरतात. तीन तास माझ्या पायरीपर्यंत सायकलींचं जाळं. पोत्यांचा टेम्पो आला की आधी पंचवीस सायकली उचलून बाजूला करायच्या. मग मी पाटी लावली, "येथे सायकल लावू नये". आता पायडलवालींच्या सुपरमार्केटात आणि माझ्यात फरक काय राहिला?

पण सहा महिन्यांत लक्षात आलं की क्लासची पोरं पाटी वाचत नाहीत, माझं गिऱ्हाईक तेवढं वाचतं. पोरं तशीच लावायची आणि दूधवाला, गवंडी, शेजारच्या गल्लीतल्या आजी, हे लोक पाटी बघून पुढच्या दुकानात. माझा अनुभव असा की गाडीवाला महिन्याची यादी घेऊन मॉलला जातो आणि माझ्याकडे फक्त विसरलेली कोथिंबीर न्यायला येतो. सायकलवाला आठवड्यात चार वेळा येतो. थोडं थोडं नेतो, पण माझ्याकडूनच नेतो.

शेवटी क्लासच्या सरांशी बोललो. त्यांनी मागच्या बोळात पोरांची सोय केली. मी पाटी काढली आणि भिंतीत कंबरेच्या उंचीवर एक आडवा पाइप बसवून घेतला, सहा-सात सायकली टेकतात. वेल्डिंगवाला ओळखीचा, चहापाण्यासकट अठराशे रुपये. दोन वर्षं झाली, पाइप आहे तसा आहे. दुपारी त्याला मांजर टेकून झोपतं हा जास्तीचा फायदा.

---

शंकेखोर

सांगलीकरांनी माझी विकेट काढली. मांजराच्या मुद्द्यावर तर बोलायलाच जागा नाही.

---

नट_बोल्ट

सांगलीकर, तुमचा पाइप उत्तम. आता यातली तांत्रिक बाजू लिहितो, कारण बरीच दुकानं, सोसायट्या चुकीचा स्टँड आणून बसवतात आणि मग "आम्ही केलं, कोणी वापरतच नाही" म्हणून सांगतात.

बाजारात सर्रास मिळतो तो फण्यासारखा स्टँड. खाली जमिनीवर, सळ्यांच्या फटीत पुढचं चाक खुपसायचं. दिसायला छान, पैसे कमी. पण त्यात सायकल फक्त चाकाच्या आधारावर उभी राहते. कोणाचा धक्का लागला की सगळं वजन रिमवर येतं आणि चाक आठाच्या आकड्यासारखं होतं. जाड टायर फटीत जात नाही, पातळ टायर डुगडुगतं. आणि कुलूप लावायचं कशाला, तर चाकालाच. चोर चाक तिथेच सोडून बाकीची सायकल घेऊन जातो. (माझी गेली आहे. चाक अजून जपून ठेवलंय.)

हवा तो साधा उलटा U. जाडजूड पाइप, जमिनीपासून पाऊण मीटर उंच, दोन्ही पाय काँक्रीटमध्ये. एका U ला दोन बाजूंनी दोन सायकली. फ्रेम टेकते आणि फ्रेमलाच कुलूप लागतं. दोन U मध्ये एक मीटर अंतर ठेवा, भिंतीपासून हातभर तरी लांब, नाहीतर हँडल आत मावत नाही. एवढंच. यात पेटंट नाही की परदेशी माल नाही, कोपऱ्यावरचा ग्रिलवाला करून देतो.

आणखी एक गोष्ट. जुन्या काळ्या सायकलला स्टँड असायचा, मागच्या चाकाला गोल कुलूप असायचं. रस्त्याच्या मधोमध उभी करा, किल्ली काढा, झालं. आताच्या बऱ्याच गिअरच्या सायकलींना दोन्ही नसतं. त्यांना टेकायला काहीतरी लागतंच. म्हणून आधी कधी न जाणवलेली अडचण आता जाणवते.

---

माळरान

आमच्या इथे एक खेळसाहित्याचं भलंमोठं दुकान आहे. आत शंभरएक सायकली विकायला टांगलेल्या. बाहेर सायकल लावायला जागा? शून्य. मी विचारलं तर म्हणाले, "सर, आमचे कस्टमर कारने येतात." मग सायकल घेतल्यावर घरी कशी नेतात, तर डिकीत घालून.

---

कोल्हापुरी_ठेचा

लई भारी राव! म्हंजे सायकल फकस्त आतून बाहेर जायची, बाहेरनं आत न्हाई.

आमच्याकडं महाद्वार रोडला सायकल लावायचं सोडा, सायकल हातात धरून चालायचं म्हटलं तरी सणासुदीला जीव जातोय. मी सरळ ओळखीच्या चहाच्या गाड्यावर लावतो, एक कटिंग पितो, बाजार करून येतो, परत एक कटिंग. सायकल पार्किंगचा दर दोन चहा.

---

तोक्योकर

मी तोक्योत एदोगावा भागात राहतो. भारतीयांची मोठी वस्ती असलेलं निशी-कासाई इथलंच. इथली स्थिती सांगतो, पण "बघा जपान कसा" या सुरात नाही. कारण यांच्याकडेही आधी बोंबच होती.

सत्तरच्या दशकात लोक घरून स्टेशनपर्यंत सायकलने यायला लागले आणि स्टेशनबाहेर वाटेल तशा सायकली टाकून जायला लागले. १९८१ च्या सरकारी मोजणीत देशभरच्या स्टेशनांबाहेर अशा सायकली दहा लाखांच्या घरात भरल्या. त्याआधीच्या वर्षी, १९८० साली, सायकलींसाठी कायदा झाला. त्याने स्थानिक पालिकांना एक अधिकार मिळाला. जी दुकानं आपल्याकडे सायकली ओढून आणतात, त्यांनीच त्यांची सोय करायची असा नियम पालिका करू शकते. पालिकांसाठीच्या नमुना नियमावलीत आकडे सरळ आहेत. ठरावीक आकारावरच्या सुपरमार्केटला दुकानाच्या दर २० चौरस मीटरमागे एक सायकल, बँकेला २५ मीटरमागे एक आणि पाचिंको म्हणजे जुगारवजा खेळाच्या अड्ड्याला १५ मीटरमागे एक. जुगाऱ्यांना सगळ्यात जास्त जागा! कारण ते दिवसभर हलत नाहीत.

आता प्रत्यक्षात काय होतं? मी ज्या सुपरमार्केटात जातो तिथे दाराला लागून सायकली. गाड्यांची जागा मागे. पुढे टोपली, मागे लेकराची खुर्ची अशी सायकल घेऊन आया येतात, तिला मामाचारी म्हणतात. स्टँडमध्ये चाक सारलं की आपोआप कुलूप पडतं. पहिले काही तास फुकट, नंतर यंत्रात नाणी टाकायची. फुकट वेळ तेवढाच ठेवण्यामागचं कारण सांगलीकरांच्या लगेच लक्षात येईल. क्लासवाली पोरं! इथे क्लासच्या जागी स्टेशन. दुकानात लावून ट्रेनने ऑफिसला जाणारे.

कासाई स्टेशनखाली तर २००८ पासून यांत्रिक पार्किंग आहे. सायकल दारात ठेवायची, यंत्र ती खाली विहिरीत ओढून नेतं. तिथे सगळ्या मिळून नऊ हजारांवर सायकली मावतात. माझे आईबाबा आले होते तेव्हा बाबा अर्धा तास नुसते ते बघत उभे होते.

आणि हो, इथे प्रत्येक सायकलला नोंदणीचा स्टिकर असतो. जुना_बिल्ला काका, तुमचा नंबर इथे अजून जिवंत आहे. चुकीच्या जागी लावली तर पालिका उचलून नेते, आणि ती सोडवायला जे पैसे पडतात त्यात कधीकधी जुनी सायकल विकत मिळते.

---

आडवा_फाटा

पुण्यातल्या कागदोपत्री गोष्टी सांगतो. महापालिकेचा सायकल आराखडा मुख्य सभेने डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर केला. त्यात आठशेहून अधिक किलोमीटरच्या मार्गांचं जाळं आहे. त्याच महिन्यात भाड्याच्या सायकली विद्यापीठात आणि औंधात आल्या. आठवतात? आधी हिरव्या, मग पिवळ्या, मग केशरी. दोनेक वर्षांत बहुतेक गायब. त्या सायकलींचंही दुखणं हेच होतं. घ्यायची ॲपवर, सोडायची मात्र मिळेल त्या फुटपाथवर. कोणी नदीपात्रात टाकल्या, कोणी घरी नेल्या. मार्गाची चर्चा होते, मार्ग ज्या दाराशी संपतो त्या दाराची होत नाही.

दुसरं. पुण्याच्या जुन्या बांधकाम नियमावलीत पार्किंगच्या तक्त्याला तीन रकाने असायचे. चारचाकी, स्कूटर आणि सायकल. म्हणजे त्या काळात मंजूर झालेल्या इमारतींच्या नकाशावर सायकलींचा आकडा लिहिलेला असतो. आमच्या सोसायटीचा नकाशा माहिती अधिकारात काढला. खाली तीन दुकानं आहेत, आणि सायकलींसाठी दाखवलेल्या जागेवर एका दुकानाचं गोदाम आहे. सोसायटीच्या सभेत नकाशा टेबलावर ठेवला तर सेक्रेटरी म्हणाले, "हे फक्त मंजुरीपुरतं असतं."

पायडलवाली, त्या सुपरमार्केटची इमारत जुनी असेल तर नकाशा काढा. भांडायला नाही, बोलायला. "आम्हाला जागा द्या" आणि "आमची जागा कुठे आहे" या दोन वाक्यांत फरक पडतो.

---

कातरवेळ

आडवा_फाटा, ते शेवटचं वाक्य मी चोरतेय.

---

शंकेखोर

सगळं पटलं. तरी एक शंका राहतेच (आयडीला जागायला हवं). स्टँड केला तरी त्यात दुचाक्या घुसणार. आमच्या बँकेने उत्साहाने चार U बसवले. आज त्या प्रत्येक U मध्ये एकेक बुलेट आहे.

---

नट_बोल्ट

दोन U मधलं अंतर गरजेपेक्षा जास्त ठेवलं की बुलेट सहज शिरते. बँकेला टेप घेऊन मोजायला सांगा. शिवाय स्टँड दाराच्या नजरेत हवा. लांब कोपऱ्यात ठेवला की तिथे बुलेट, झाडू आणि फुटकी कुंडी यांचं राज्य येतं. चोरालाही तीच जागा आवडते.

---

पायडलवाली

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफी.

नकाशाचा अर्ज केला आहे, उत्तर यायचंय. दरम्यान मॅनेजरना भेटले. तरुण मुलगा आहे, नीट बोलला. म्हणाला, "मॅम, स्टँडचं हेड ऑफिसला विचारावं लागेल." किती दिवस? हसला. मी नट_बोल्ट यांनी दिलेली मापं कागदावर काढून दिली, सांगलीकरांच्या पाइपचा खर्चही लिहिला. मांजराचा उल्लेख केला नाही.

निघताना सहज म्हटलं, "स्टँड होईल तेव्हा होईल, तोवर तळघरात दुचाक्यांच्या रांगेच्या टोकाला तो खांब आहे, तिथे लावू द्या. आणि तुमचे जे लोक मागे जनरेटरपाशी लावतात त्यांनाही." तो म्हणाला, "माझी हरकत नाही, पण पावतीचं काय?" पुन्हा नंबर आलाच! मी सिक्युरिटी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "नंबरच पायजे ना? मी देतो."

त्या दिवसापासून ते पावतीवर नंबराच्या जागी "सायकल" आणि पुढे त्या दिवसाचा आकडा लिहितात. जुना_बिल्ला काका, बिल्ला परत आला, फक्त कागदाचा आहे.

काल माझ्या पावतीवर "सायकल ३" होतं.

---

शंकेखोर

एक आणि दोन कोण, विचारलंत का?

---

पायडलवाली

विचारलं. दोन नंबर म्हणजे भाजी घ्यायला आलेल्या कोणी आजी. एक नंबर काकांची स्वतःची.